पाणी आलं का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्या आषाढात येतात आणि शिमग्याच्या सुमारास जातात. उरलेल्या महिन्यांत पुलावरून जाताना नावाची पाटी वाचायची, खाली पात्रात चाललेलं क्रिकेट बघायचं आणि पुढे जायचं. रायगड जिल्ह्यातली कुंडलिका मात्र वेळापत्रकानं वाहते. भर जानेवारीत, पावसाचा मागमूस नसताना, ती सकाळी ऐटीत येते आणि दुपार कलली की ओसरते. पहाटे पात्रात उघडे पडलेले धोंडे न्याहारीनंतर दिसेनासे होतात आणि जेवणं आटोपेपर्यंत पुन्हा अंग सुकवत बसलेले असतात.

याचं कारण घाटावर आहे. मुळशीला मुळा नदीवर टाटांनी धरण बांधलं. ते पाणी सह्याद्रीवरून जाडजूड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरतं, वीजघरातली चाकं फिरवतं आणि मग कुंडलिकेच्या वाटेला लागतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. वीज मुंबईला जाते, पाणी कोलाड-रोह्याकडे. विजेचं सत्त्व काढून घेतलेलं पाणी पिकाला कसं चालेल, अशी शंका जुनी माणसं घेत असत म्हणतात. आम्हाला तसली शंका नाही. सत्त्व काढलेल्या पाण्यातही माणूस व्यवस्थित उलटतो, हे आम्ही समक्ष पाहिलं आहे. शंका आहे ती वेळेची. चाकं कधी फिरणार यावर पाणी कधी येणार हे ठरतं. मुंबईत सकाळी जितके गीझर लागतील तितकी आमची लाट मोठी, असा एक सिद्धान्त आमच्या क्लबात आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण दादरच्या मेहुण्याला फोन करून रविवारी लवकर आंघोळ उरकायला सांगणारे सभासद आमच्यात आहेत.

क्लब पुण्याचा, कयाक आणि कॅनो चालवणाऱ्यांचा. पुणेकराला या सगळ्या प्रकारात वेगळाच मुद्दा दिसतो. हे पाणी अडवलं नसतं तर ते आपल्या वाटेनं पुण्यात आलं असतं, संगमावर मुठेला भेटलं असतं, पुढे भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. आता ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. म्हणजे आपल्याच नदीचं पाणी गाठायला आपण शंभरेक किलोमीटर गाडी हाकायची, तीही घाट उतरून, स्वतःच्या पेट्रोलनं! हा अन्याय क्लबाच्या वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात नेमानं मांडला जातो. मुळशीत ज्यांची घरं आणि शेतं बुडाली त्यांच्यावरचा अन्याय खरा होता. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि त्या लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केलं. त्या मानानं आमची तक्रार फारच किरकोळ, पण मांडताना आवाज मात्र तोच लागतो.

ज्यांनी या होड्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कयाकमध्ये पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आलटून पालटून दोन्हीकडे मारायचं. कॅनोत गुडघे टेकायचे आणि एका पात्याच्या वल्ह्यावर भागवायचं. ही दोन घराणी आहेत. एकमेकांविषयीचा आदर ती फक्त जाहीर बोलताना दाखवतात. दोघांचं एकमत एवढ्याच बाबतीत होतं, की राफ्टमधून जाणं हा खेळ नव्हे, तो प्रवास. राफ्टवाल्यांचं आमच्याविषयी काय मत आहे ते कळायला मार्ग नाही. ते सतत मोबाइलकडे बघून हात वर करत असतात.

एकट्यानं करायच्या या उद्योगाचा क्लब कोणी केला, याचं खापर जॉन मॅकग्रेगर नावाच्या एका बॅरिस्टरवर फोडावं लागेल. १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाच्या लहानशा होडीतून हा गृहस्थ युरोपातल्या नद्यांवर एकटा हिंडला. परत येऊन त्यानं पुस्तक लिहिलं आणि १८६६ साली लंडनजवळ चक्क कॅनो क्लब काढला. एकांताचं सुख लोकांना पटवण्यासाठी माणसं गोळा करायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला सदाशिव पेठेत कोणीही खोली भाड्यानं दिली असती. दुसऱ्याच वर्षी खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स त्या क्लबाचे कमोडोर झाले. अध्यक्ष मोठा हवा, होडीत मावला नाही तरी चालेल, हा पायंडाही तेव्हाचाच असावा.

आमच्या क्लबात अध्यक्षांपेक्षा खजिनदार मोठे. बँकेतून निवृत्त झालेले. वल्हं मारतानाही खर्च टाकल्यासारखा चेहरा. त्याखालोखाल मान इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबातून आलेल्या दोघा-तिघांना. त्या कॉलेजची रेगाटा १९२८ पासूनची, मुळा-मुठेच्या पाण्यावर संध्याकाळी मशाली नाचवायची तिथली परंपरा. हे लोक पाण्यात सहसा उलटत नाहीत. मुळा-मुठेत शिकलेल्या माणसाला उलटून चालत नाही, हे त्यांना फार लवकर कळलेलं असतं. मग एक डॉक्टर, गुडघ्यांचे. हे स्वतः कॅनोत गुडघे टेकत नाहीत, इतरांना टेकू देतात आणि सोमवारी दवाखान्यात बोलावतात. एक आयटीतलं जोडपं. आणि एक तरुण, ज्यानं कयाकिंगचे सगळे व्हिडिओ पाहिलेले आहेत. त्याला कुठलीही गोष्ट सांगायला जा, ती नॉर्वेत कशी करतात हे त्याला ठाऊक असतं.

सहलीची तारीख जानेवारीतली. मार्च उजाडल्यावर त्या खोऱ्यात जाणं शहाण्यानं टाळावं. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याचं तापमान ४६.५ अंश नोंदलं गेल्याची बातमी देशभरच्या पेपरांत आली होती.

तर पाणी सकाळी येणार आणि आपण वेळेत पोचलो नाही तर ते आपल्याशिवाय पुढे जाणार. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या सभासदांना यात नवीन काही वाटत नाही. पहाटे नळाला पाणी येणार म्हणून बादल्या लावून बसायचं, तसं इथे कयाक लावून बसायचं. आठवडाभर आधीपासून ग्रुपवर ‘पाणी कधी?’, ‘पाणी नक्की ना?’ असे निरोप पडू लागतात. कोलाडच्या ज्या गृहस्थांना पाण्याची बातमी असते त्यांना बारा जण बारा वेळा विचारतात. आणि एवढी वेळेची जाण असलेला हा क्लब निघताना काय करतो? सहाला निघणं भाग असतं. म्हणून निरोप जातो साडेपाचचा. साडेपाच म्हणजे सहा हे सगळ्यांना माहीत, म्हणून खजिनदार पाचचा निरोप धाडतात. पाच म्हणजे सहा हेही आता सगळ्यांना माहीत झालंय, म्हणून या वेळी पावणेपाचचा गेला. पावणेपाचला एकटे डॉक्टर आले, ते नवीन सभासद असल्यामुळे. ते सव्वासहापर्यंत फुटपाथवर लाइफ जॅकेट घालून उभे होते. दूधवाल्यानं त्यांना दोनदा पत्ता विचारला.

होड्या मोटारींच्या टपावर बांधणं हा या खेळातला सर्वांत कष्टाचा भाग, आणि आमच्यातले काही जण खरे तरबेज याच भागात आहेत. इथे दोन पंथ आहेत. एक पट्टेवाल्यांचा, दुसरा दोरीवाल्यांचा. पट्टेवाला बकल ओढतो, टिचकी मारून बघतो आणि चहा शोधायला जातो. दोरीवाल्याचं तसं नाही. तो गाठ मारतो, ती सोडतो, पुन्हा मारतो, मग एक पाय टायरवर आणि एक दारावर देऊन दोरीला लोंबकळतो. तेवढ्यात दुसरा दोरीवाला येतो. तो आधीच्या गाठीकडे नुसता बघतो. काही बोलत नाही. त्या न बोलण्यानं पहिला पुन्हा सगळं सोडतो. कयाक पालथी ठेवायची की कुशीवर, नाक पुढे की मागे, यावर व्हिडिओवाल्या तरुणानं नॉर्वेचा दाखला दिला. खजिनदारांनी “नॉर्वेत ताम्हिणी घाट आहे का?” असं विचारल्यावर तो विषय मिटला.

बांधून झाल्यावर कोणीतरी कयाक धरून गदागदा हलवतं. कयाक हलत नाही, गाडी हलते. हे उत्तम लक्षण समजतात.

ताम्हिणीच्या वाटेवर मुळशीचं पाणी दिसू लागलं की सगळ्या गाड्यांत एकच वाक्य उमटतं: “हे आपलं पाणी.” मग घाट. मग मिसळ. खरं तर मिसळीला वेळ नव्हता. खजिनदारांनी घरूनच घड्याळ पुढे करून आणलेलं होतं आणि त्या घड्याळाप्रमाणे आम्ही तेव्हा नदीत असायला हवे होतो. पण ज्या हॉटेलासमोर पहिली गाडी थांबली त्याच्यासमोर बाकीच्या थांबणं हा संघभावनेचा भाग आहे. दुसरी वाटी रस्सा मागवणाऱ्याला ‘पाणी चाललंय’ असं सांगितलं, तर त्यानं जगमधलं पाणी पुढे सरकवलं.

आता शटल. नदीवरची सहल म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं शटल समजून घ्यावं. बाकी सगळं आपोआप कळतं. नदी एकाच दिशेला वाहते. म्हणजे होडीत बसतो तिथे आपण परत येत नाही, पण गाड्या तिथेच राहतात. म्हणून सगळ्यांनी आधी रवाळज्याच्या बाजूला वर जायचं, होड्या उतरवायच्या, त्यांच्या राखणीला काही जणांना ठेवायचं, मग सगळ्या गाड्या घेऊन खाली जायचं, जिथे नदीतून बाहेर पडायचं आहे तिथे त्या उभ्या करायच्या आणि सगळ्या चालकांनी एका गाडीत कोंबून पुन्हा वर यायचं. ती एक गाडी वर राहते. तिला आणायला संध्याकाळी पुन्हा कोणीतरी वर जायचं. नदीतून उतरायचं अंतर बारा-तेरा किलोमीटर. ते पार करण्यासाठी मोटारींनी मिळून किती अंतर काटायचं हे खजिनदारांनी तक्त्यात मांडलं होतं. तक्ता तीन रंगांत होता. त्यात कोण कुठल्या गाडीत, कुठली किल्ली कोणाकडे आणि कोणाचे कोरडे कपडे कुठे, असे रकाने होते. कपड्यांचा रकाना ऐच्छिक ठेवल्यामुळे कोणी भरला नाही.

हा सगळा व्यवहार एक मिनिडोर रिक्षावाला रस्त्याच्या कडेला, गाडीच्या बॉनेटला टेकून, तपकीर ओढत बघत होता. त्यानं आधी आम्हाला खाली जाताना पाहिलं. मग वर येताना पाहिलं. मग एक किल्ली चुकीच्या खिशात गेल्यामुळे पुन्हा खाली जाताना पाहिलं.

“सायेब,” तो शेवटी म्हणाला, “गाड्या सगल्या खालीच ठेवा. मी मानसांना वर आनून सोडतो एका खेपंत.”

सूचना इतकी सोपी होती की ती स्वीकारणं शक्यच नव्हतं. तीन रंगांचा तक्ता वाया गेला असता. खजिनदार म्हणाले, “आमची व्यवस्था झालेली आहे.” मिनिडोरवाल्यानं मान डोलावली आणि तो पुन्हा बॉनेटला टेकला. त्याला घाई नव्हती.

नदीकाठी पाणी आमच्या आधी येऊन थांबलं होतं. थांबलं कसलं, चाललं होतं. तरीही सुरक्षेच्या सूचना झाल्याच पाहिजेत, आणि त्या हेल्मेट घालूनच ऐकल्या पाहिजेत, म्हणजे ऐकू येत नाहीत. नदीची डावी-उजवी बाजू ही प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरते. उलटलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे आणि वर, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाऊल दगडात अडकतं. शिट्टी एकदा वाजली तर लक्ष द्यायचं, तीनदा वाजली तर कोणीतरी संकटात आहे. “दोनदा वाजली तर?” डॉक्टरांनी विचारलं. दोनचा अर्थ नेमून दिलेला नाही असं कळल्यावर त्यांनी तो चहासाठी राखून ठेवला. सर्वांत पुढे एक जाणता आणि सर्वांत मागे एक जाणता, मधल्यांनी या दोघांच्या मध्ये राहायचं. हा नियम सोपा वाटतो. प्रत्यक्षात मधले सगळे स्वतःला जाणते समजत असल्यामुळे पुढचा जाणता बराच वेळ शेवटून तिसरा होता.

कयाक ही मुळात उत्तरेकडच्या इनुइट शिकाऱ्यांची वस्तू. सीलच्या कातड्याची, आणि ज्याची त्याच्या अंगाच्या मापानं बेतलेली. क्लबाच्या कयाक प्लास्टिकच्या, एकाच मापाच्या, आणि त्या मापाचा माणूस अजून सभासद व्हायचा आहे. खजिनदारांना आत बसवायला दोघं लागले. कमरेभोवती तो रबरी घागरा, म्हणजे स्प्रे स्कर्ट, कयाकच्या तोंडावर ताणून बसवला की आत पाणी शिरत नाही आणि माणूस बाहेर पडत नाही. बाहेर पडायला पुढे एक पट्टी असते. ती बाहेर राहिली आहे ना, हे सुटण्याआधी प्रत्येकानं शेजाऱ्याचं बघायचं. या एका बाबतीत क्लबात कोणी विनोद करत नाही.

आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, आम्ही अखेर पाण्यात गेलो.

नदीविषयी फार लिहायचं कारण नाही. ती छान आहे. दोन्ही काठांनी झाडी, वर सह्याद्री, आणि जानेवारीतलं पाणी कमरेत शिरलं की माणूस आपोआप शुद्ध मराठीत ओरडतो. जगभर रॅपिडची, म्हणजे नदीच्या खळाळत्या टप्प्यांची, प्रतवारी एक ते सहा अशी लावतात. सहावी म्हणजे जिवावरची. कुंडलिका दोन-तीनच्या घरातली. म्हणजे भीती वाटावी इतकी आहे आणि नंतर सांगता यावी इतकीही आहे. इथल्या रॅपिडना नावं आहेत. एकाचं ‘मॉर्निंग हेडेक’, एकाचं ‘बटर क्रश’, एकाचं ‘राजधानी एक्सप्रेस’. कोकण रेल्वेवरून धावणारी खरी राजधानी कोलाडला थांबत नाही. नदीतलीही थांबत नाही. तिच्यातून जाताना व्हिडिओवाला तरुण एका खडकामागच्या निवांत पाण्यात, ज्याला एडी म्हणतात तिथे, झोकात वळायला गेला. वळण त्याला पाठ होतं. फक्त कयाक ज्या बाजूला झुकवायची त्याच्या विरुद्ध बाजूला झुकली. तो क्षणात दिसेनासा झाला. मग पाण्याखालून वल्ह्याच्या आधारानं गिरकी घेऊन वर यायची जी प्रसिद्ध कला आहे तिचे तीन अर्धवट प्रयोग झाले. तीनही वेळा एक हात आणि अर्धं हेल्मेट वर आलं. चौथ्यांदा तो कयाकच्या बाहेर पडून, उताणा, बोटं पाण्याबाहेर काढून, अगदी सांगितलं होतं तसा वाहत आला. “नॉर्वेत पाणी जास्त गार असतं,” असं तो म्हणाल्याचं मागच्यांनी सांगितलं. त्याच्या दिशेनं दोरीची पिशवी फेकायचं काम दोरीवाल्यांपैकी एकाकडे होतं. पिशवी अचूक पडली. दोरीचं दुसरं टोक मात्र त्यानं आधी एका झाडाला गाठ मारून ठेवलं होतं आणि ती गाठ इतकी उत्तम होती की ती सोडवायला आम्हाला बराच वेळ थांबावं लागलं.

आयटीतलं जोडपं दोघांच्या कॅनोत होतं. पुढे ती, मागे तो. कॅनोत दिशा मागचा ठरवतो आणि खडक पुढच्याला दिसतो. संसाराचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे, असं म्हणून मी पुढे जाणार होतो, पण त्यांचं संभाषण इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की जाववेना.

“उजवीकडे!”

“कुठल्या उजवीकडे?”

“माझ्या!”

“तुझ्या म्हणजे?”

कॅनोत दोघंही एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात. दोघांची उजवी बाजू एकच असते. पण हे त्या घटकेला जगातल्या कुठल्याच जोडप्याच्या ध्यानात येत नाही. कॅनो खडकाला आडवी लागली, क्षणभर विचार केला आणि कलंडली. दोघं दोन वेगवेगळ्या काठांना लागले. ती वल्हं न सोडता, तो टोपी न सोडता. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कॅनोत १००० मीटरला भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. ते दोघे पती-पत्नी नव्हते, ही गोष्ट आमच्याकडच्या जोडप्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

उलटलेल्यांना गोळा करत आम्ही एका संथ वळणावर टेकलो. काठावर एक आजोबा म्हशी घेऊन उभे होते. त्यांनी आमच्या हेल्मेटांकडे, घागऱ्यांकडे, गळ्यातल्या शिट्ट्यांकडे बघून घेतलं.

“कुठं चाललाव?”

“खाली, आजोबा.”

“खाली काय हाय?”

“आमच्या गाड्या आहेत.”

“गाड्या हायेत?” आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. “मंग गाडीनं का नाय गेलाव?”

“गाडीनंच गेलो होतो. गाड्या ठेवून परत वर आलो.”

यावर ते काही बोलले नाहीत. म्हशीला मात्र त्यांनी आमच्यापासून जरा लांब नेलं.

याच टप्प्यावर मुंबईच्या एका कंपनीचे राफ्ट आले. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे टीशर्ट, त्यावर एकीचं बळ सांगणारा मजकूर. वाटाड्या ‘फॉरवर्ड’ ओरडला की त्यातले निम्मे वल्हं मारत होते आणि निम्मे मॅनेजर असावेत. आम्ही नाक वर करून त्यांना वाट दिली. त्यांच्या मागोमाग गावातली तीन पोरं, अंगात चड्ड्या आणि काखेत एक जुनी ट्यूब, याच रॅपिडमधून हसत खिदळत निघून गेली. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे पाणी पातळ होत गेलं. मुंबईकरांच्या आंघोळी आटोपल्या असाव्यात. शेवटचा टप्पा बराचसा चालत झाला, एका हातात कयाक आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याची कयाक. ‘मिसळीला थांबलो नसतो तर,’ असं खजिनदारांनी सुरू केलं, पण दुसरी वाटी रस्सा त्यांनीच मागवली होती हे सगळ्यांना आठवत असल्यामुळे वाक्य तिथेच राहिलं.

खाली गाड्या होत्या. सुस्थितीत, ओळीत, कुलूपबंद. किल्ल्याही तक्त्यात लिहिल्याप्रमाणेच होत्या. तक्त्यात ‘किल्ल्या: डॉक्टर’ असं लिहिलेलं होतं आणि किल्ल्या डॉक्टरांकडेच होत्या, म्हणजे डॉक्टरांच्या जॅकेटात, आणि जॅकेट वर राहिलेल्या गाडीत. ओल्या कपड्यांत सगळे कुडकुडत एकमेकांकडे बघत उभे राहिले. डॉक्टरांनी खिन्नपणे दोनदा शिट्टी वाजवली.

त्या शिट्टीला ओ दिल्यासारखा झाडाखालून मिनिडोर पुढे आला. तो तिथे केव्हापासून होता कोण जाणे. चालकानं तपकिरीची डबी खिशात टाकली आणि सकाळच्या दुप्पट भाव सांगितला. खजिनदारांनी घासाघीस केली नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला व्याज म्हणजे काय ते कळतं.

परत येऊन कपडे बदलून होईपर्यंत अंधार पडला होता आणि ज्यांच्याकडे जेवणाची सोय केली होती त्यांनी पोपटी लावली होती. ज्यांनी रायगडात थंडीचे दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग ते मडकं पालथं घालून भोवती गवत, काटक्या आणि गोवऱ्या रचून पेटवायचं. पाणी घालायचं नाही. आतली वाफच सगळं करते. दिवसभरात पाण्यानं आमचं जे केलं होतं त्यानंतर पाण्याशिवाय शिजलेल्या पदार्थाविषयी सगळ्यांना फार आपुलकी वाटली. शिवाय पालथं झाल्याशिवाय चव येत नाही, ही गोष्ट यजमानांनी व्हिडिओवाल्या तरुणाकडे बघून दोनदा सांगितली.

शेकोटीशी रॅपिडची प्रतवारी वाढू लागली. शेंगांच्या पहिल्या वाढणीला ‘राजधानी’ तीनची होती. कोंबडी आली तोवर चारची झाली. सोलकढीला पाचची. सहावर मात्र कोणी गेलं नाही. सहावीतून आलेला माणूस एवढं जेवत नाही, याचं भान सगळ्यांना होतं. उलटलेल्यानं सगळ्यांना चहा पाजायचा हा क्लबाचा नियम. बाहेर देशी त्याच्याच ओल्या बुटातून त्याला बिअर पाजतात म्हणे. पुण्यात बूट आणि बिअर दोन्ही वाया घालवायची पद्धत नाही.

परतीच्या रस्त्यावर कोलाड स्टेशनाशी कोकण रेल्वेच्या वाघिणींवर चढवलेले मालट्रक रांगेनं उभे दिसले. १९९९ पासून इथून ट्रक असे आगगाडीवर बसून दक्षिणेकडे जातात आणि चालक आपल्याच ट्रकमध्ये पाय पसरून बसतो. आपल्या वाहनाला दुसऱ्या वाहनावर चढवून न्यायचा प्रघात या गावाला नवा नाही, हे बघून टपावर कयाक बांधलेल्या आम्हा सगळ्यांना जरा बरं वाटलं.

पुढची सहल फेब्रुवारीत आहे. काही जागा शिल्लक आहेत. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि वल्हं क्लब देईल. कोरडे कपडे आणि किल्ली ज्याची त्यानं सांभाळावी. जोडप्यांनी वेगवेगळ्या होड्यांसाठी नाव नोंदवावं. ज्यांच्या गाडीच्या टपावर कॅरिअर आहे त्यांनी आधी संपर्क साधावा, पोहता येणाऱ्यांचा विचार नंतर केला जाईल.